प्लेगच्या वॉर्डातले हात

मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर पी. सी. एच. स्नो यांनी ६ ऑक्टोबर १८९६ रोजी एक जाहीरनामा काढला. प्लेगचा रोगी आढळला की त्याला वेगळे काढायचे, आणि गरज पडली तर घरच्यांच्या मर्जीविरुद्ध इस्पितळात हलवायचे, असा त्याचा आशय होता. चोवीस दिवसांनी, ३० ऑक्टोबरला, त्याच कमिशनरांनी तोच आदेश सैल केला. घरी नीट सोय असेल तर रोग्याला हलवणार नाही, असे लोकांना सांगण्यात आले.

ही माघार का झाली, याचे उत्तर बहुतेक पुस्तकांत एकाच वाक्यात मिळते. आदल्याच दिवशी, २९ ऑक्टोबरला, हजारभर गिरणी कामगारांनी ऑर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला होता. हे खरे आहेच. पण स्नोसाहेबांनी पुढे लिहिलेल्या अहवालात एक दुसरी भीती जास्त मोकळेपणाने बोलते. शहराचे हलालखोर आणि बिगारी, म्हणजे मैला उचलणारे, गटारे काढणारे, रस्ते झाडणारे कामगार, बिथरून निघून गेले तर मुंबईत माणसाला राहणे अशक्य होईल, अशी ती भीती होती. श्रीमंत गेले, व्यापारी गेले, कारकून गेले तरी शहर कसेबसे उभे राहील. हे लोक गेले तर राहणार नाही. एका बलाढ्य साम्राज्याच्या अधिकाऱ्याने आपला हुकूम शहरातल्या सर्वांत कमी पगाराच्या माणसांकडे बघून मागे घेतला, ही गोष्ट मला प्लेगच्या साऱ्या इतिहासात फार मोलाची वाटते. प्लेगवर लिहिताना आपण रँड, चापेकर, टिळक यांच्याविषयी लिहितो. लिहायलाच हवे. पण त्या साथीत काम कोणी केले, किती केले आणि कशा प्रकारचे केले, हा प्रश्न तसा बाजूलाच राहिला आहे.

माझ्या डोक्यात तो घातला एका परिचारिकाबाईंनी. २०२० च्या उन्हाळ्यात त्या एका मोठ्या रुग्णालयात कोरोनाच्या वॉर्डात होत्या. पीपीई किट चढवायच्या आधी तासभर पाणी प्यायचे नाही, म्हणजे मध्येच उतरवायची वेळ येत नाही, हे त्यांनी अगदी सहज सांगितले. मी जुन्या साथींवरचे कागद वाचतो हे त्यांना माहीत होते. त्यांनी विचारले, "भाऊ, तेव्हाच्या बायकांची ड्यूटी किती तासांची असायची हो?" मला चटकन काही सांगता आले नाही. रोग्यांचे, मेलेल्यांचे, फवारलेल्या औषधांचे आकडे त्या अहवालांत पानोपानी भेटतात. कामाची गोष्ट मात्र आडून आडून निघते. ती अशी वेचूनच काढावी लागते.

*

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी पहिले रोगी ओळखले. गोव्याचे हे डॉक्टर तेव्हा महापालिकेचे सभासदही होते. त्या महिन्याअखेर साथ अधिकृतपणे जाहीर झाली. त्या वेळी संसर्गजन्य रोगांसाठी महापालिकेचे इस्पितळ म्हणजे ऑर्थर रोडचे, आजचे कस्तुरबा रुग्णालय. ते सुरू होऊन चारच वर्षे झाली होती.

आपल्या मनात साथ म्हटली की ओसंडून वाहणारी इस्पितळे उभी राहतात. मुंबईत सुरुवातीला घडले ते वेगळेच. लोक इस्पितळात येतच नव्हते. आत नेलेला माणूस परत येत नाही, अंगातून तेल काढतात, मोमियाई करतात, अशा वदंता चाळीचाळींत फिरत होत्या. रोगी माळ्यावर लपवले जात, मृत्यू दुसऱ्याच रोगाच्या नावावर घातले जात. जे इस्पितळात पोचत ते बहुतेक शेवटच्या अवस्थेत पोचत. याचा परिणाम असा झाला की आतल्या माणसांच्या वाट्याला बरे करण्याचे काम कमी आणि मरणाची सोबत करण्याचे काम जास्त आले. दाखल झालेल्यांपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक दगावत होते. मग त्या आकड्यांमुळे वदंता खऱ्या वाटत, लोक आणखी उशिरा येत, आणि मृत्यूचे प्रमाण आणखी वाढे. या चक्रात वॉर्डात उभी असलेली माणसे रोज भरडली जात होती. त्यांना रोग्याशी झगडायचे होते आणि दारापाशी जमलेल्या नातेवाइकांच्या संशयाशीही.

प्लेगच्या रोग्याची शुश्रूषा म्हणजे काय, हेही लक्षात घेतले पाहिजे. जांघेत किंवा काखेत गाठ, अंगात फणफणता ताप, आणि डोक्यात वात. वाताच्या भरात रोगी उठून पळू लागे. प्लेगने हृदय इतके दुबळे होई की असा एकाएकी उठलेला माणूस चार पावलांवर कोसळून मरे. म्हणून रोग्याला नुसते औषध देऊन भागत नसे. त्याच्या उशाशी रात्रंदिवस कोणीतरी बसावे लागे, त्याला हळुवार दाबून धरावे लागे, चमच्या-चमच्याने दूध पाजावे लागे, गाठीवर शेक-पोटीस बांधावे लागे, गाठ फुटली की ती धुवावी लागे. रोगावर खात्रीचे औषध कोणाकडेच नव्हते. तेव्हा उपचार म्हणजे मुख्यतः शुश्रूषाच. डॉक्टर दिवसातून एक-दोनदा फेरी मारत असतील. रोगी जगला तर तो उशाशी बसलेल्या माणसामुळे जगे.

आणि ही उशाशी बसणारी माणसे होतीच किती? शिकलेल्या परिचारिकांची परंपरा तेव्हा अगदी कोवळी होती. मोठ्या इस्पितळांत ती बहुतेक ख्रिस्ती भगिनींच्या हाती होती. प्लेगच्या इस्पितळांतही मठवासी भगिनींनी काम केले, आणि साथ लांबली तशा विलायतेहून परिचारिका मागवण्यात आल्या. पण बाकीचा सगळा भार आया, वॉर्डबॉय, डोलीवाले, भिश्ती, झाडूवाले यांच्यावर होता. रोग्याला जिन्यावरून खाली आणणारे तेच, त्याची घाण काढणारे तेच, आणि मेला तर उचलणारेही तेच.

याच टंचाईच्या उजेडात मी त्या काळच्या जातवार इस्पितळांकडे बघतो. पारशी, भाटिया, जैन, खोजा, मेमन अशा निरनिराळ्या समाजांनी आपापली प्लेग इस्पितळे काढली; पुण्यात टिळकांनी हिंदू प्लेग इस्पितळ उभे करण्यात पुढाकार घेतला. याची चर्चा नेहमी सोवळेओवळे आणि धर्मभावना याच अंगाने होते. तो भाग होताच. पण या इस्पितळांत घरच्या माणसाला रोग्याजवळ राहता येई. म्हणजेच आईने, बायकोने, भावाने शुश्रूषेचे काम बिनपगारी अंगावर घ्यायचे. पैसे देऊन जी माणसे मिळत नव्हती त्यांची जागा नात्यागोत्याने भरून काढली. सरकारनेही ही इस्पितळे पुढे चालू दिली ती केवळ उदारपणाने, असे मानायला माझे मन तयार होत नाही.

*

आता एका विचित्र गोष्टीकडे येतो. प्लेग इस्पितळांत काम करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना प्लेग झाला. हे त्या वेळच्या डॉक्टरांनीही टिपून ठेवले आहे. घरात एकाला झाला की बाकीचे घर आडवे पडे. पण शेकडो रोग्यांत वावरणारी आया धडधाकट राही. याचे कोडे त्या दोन-तीन वर्षांत कोणालाच उलगडत नव्हते. पॉल-लुई सिमाँ हे फ्रेंच डॉक्टर मुंबईत काम करून १८९८ मध्ये कराचीला गेले आणि उंदराच्या अंगावरची पिसू प्लेग नेते हे त्यांनी प्रयोगाने दाखवले. तरी त्यांच्यावर विश्वास बसायला जवळजवळ दशक गेले. परळच्या प्रयोगशाळेत प्लेग संशोधन आयोगाने १९०५ नंतर केलेल्या कामाने तो मुद्दा पक्का झाला. मोकळ्या हवेशीर मांडवात, जिथे धान्य नाही म्हणून उंदीर नाही, तिथे प्लेगचा रोगी शेजारच्याला धोका नव्हता. धोका त्याच्या घरात होता.

हे कळल्यावर त्या आधीच्या सगळ्या कष्टांचा अर्थच पालटतो. भिंतींना चुना, जमिनीवर रसकापराचे पाणी, गटारांत कार्बॉलिक, अंथरुणांची होळी, दिवसातून कितीदा तरी धुणे आणि पुसणे, यांत हजारो माणसांचे हजारो दिवस गेले. त्यातला मोठा वाटा पिसवेच्या दृष्टीने बिनकामाचा होता. उलट घर धुवायला गेलेली टोळी उंदरांच्या बिळांपाशी जात होती, म्हणजे खरा धोका तिलाच होता. आणि ज्या वॉर्डात जायला लोक थरथरत होते तो त्या मानाने सुरक्षित होता. पण वॉर्डातल्या बाईला हे कोण सांगणार? तिने भीतीचा भार पुरेपूर उचलला. कामाचे ओझे मोजताना ही भीतीही त्यात धरायला हवी, असे मला वाटते.

याला एक भयानक अपवाद होता. जे. जे. रुग्णालयातील सर्जन-मेजर मॅन्सर १८९७ च्या सुरुवातीस गेले. त्यांना गाठ आली नव्हती; प्लेग थेट फुप्फुसात उतरला होता. त्यांची शुश्रूषा करणारी परिचारिकाही त्याच रीतीने गेली. ग्रँट मेडिकल कॉलेजातील डॉ. चाइल्ड यांनी फुप्फुसाच्या प्लेगचे वर्णन याच दिवसांत केले. हा प्रकार खोकल्यातून सरळ माणसाकडून माणसाकडे जातो. वॉर्डात पडलेला कोणता खोकला साधा आणि कोणता तसला, हे ओळखण्याचे साधन उशाशी बसलेल्या माणसाकडे नव्हते.

*

ग्रँट मेडिकल कॉलेजच्याच आवारात ऑक्टोबर १८९६ पासून वाल्देमार हाफकिन यांनी लशीचे काम चालवले होते. कलकत्त्याहून ते घाईने आले होते. त्यांना मिळाली एक छोटी जागा, एक कारकून आणि तीन पट्टेवाले. एवढ्यावर तीन महिन्यांत लस तयार झाली आणि १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिननी ती स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात कैद्यांवर तिची चाचणी झाली. ही कथा आपण शाळेतही ऐकतो. त्या कथेत एक उपवाक्य असते, ते मात्र झरकन वाचले जाते: त्या तीन महिन्यांत एका साहाय्यकाच्या मनावर ताण येऊन तो पार कोलमडला आणि दोघांनी काम सोडले. मी हे परिचारिकाबाईंना सांगितले तेव्हा त्या लशीबद्दल काही बोलल्या नाहीत. "तिघांतले तिघेही गेले म्हणा की," एवढेच म्हणाल्या.

इस्पितळावर संशोधनाचाही बोजा पडत होता. ऑर्थर रोडचे डॉ. नसरवानजी चोक्सी यांनी इटलीतील लुस्टिग यांच्या रक्तरसाची परीक्षा घेतली. आलेल्या रोग्यांपैकी एकाआड एकाला रक्तरस आणि दुसऱ्याला नेहमीचे उपचार, अशी त्यांची रीत होती. आज वैद्यकाच्या इतिहासात या एकाआड एक पद्धतीचा उल्लेख आदराने होतो. पण वॉर्डाच्या बाजूने पाहा. दोन्ही बाजूंच्या रोग्यांची शुश्रूषा सारखीच झाली पाहिजे, प्रत्येकाचा ताप, नाडी, गाठ लिहिली गेली पाहिजे, टोचणीच्या वेळा चुकता कामा नयेत. आणि हे सगळे रोगी वाढत असताना. नव्या ज्ञानाची किंमत रात्रीच्या पाळीतल्या माणसांनी भरलेली असते, आणि ते ज्ञान ज्या लेखात छापले जाते त्यात त्यांना जागा नसते.

ओझे वाढले की घाई येते, घाईत चूक होते, आणि चुकीचा धनी शोधला जातो. पंजाबातील मलकोवाल या गावी ३० ऑक्टोबर १९०२ रोजी १०७ जणांना हाफकिनची लस टोचली गेली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मेले. सगळ्यांना ५३-एन या एकाच बाटलीतली लस मिळाली होती. त्या वेळी पंजाब सरकारची मागणी प्रचंड होती. परळच्या प्रयोगशाळेने उत्पादनाचा वेग वाढावा म्हणून पद्धत बदलली होती आणि त्यात कार्बॉलिक ॲसिड वगळले होते. चौकशीचा रोख तिकडेच वळला. हाफकिन पदावरून दूर झाले. पुढे हळूहळू उजेडात आलेली हकिगत अशी की बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला आणि तो जाळावर न धरता नुसता कार्बॉलिकच्या पाण्यात बुडवून परत वापरला गेला. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्यांनी हाफकिनची बाजू लावून धरली आणि १९०७ मध्ये त्यांच्यावरचा ठपका पुसला गेला. हाफकिनना न्याय मिळाला याचा आनंदच आहे. पण त्या टोचणी केंद्रावर त्या दिवशी किती जणांची रांग उभी होती, चिमटा तापवायला थांबण्याइतकी उसंत होती का, हा प्रश्न मला त्या न्यायापुढे पडून राहिलेला दिसतो. दोषाची जागा मुंबईतून मलकोवालला हलली, शास्त्रज्ञाकडून साहाय्यकाकडे हलली. इतक्या लोकांना इतक्या दिवसांत टोचायचेच, हे ज्यांनी ठरवले त्यांच्याकडे ती गेली नाही.

*

पुण्याबद्दल थोडेच, कारण ते सर्वांना ठाऊक आहे. सावित्रीबाईंचे चिरंजीव डॉ. यशवंत फुले यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना घातला. मुंढव्याच्या महारवाड्याबाहेरून पांडुरंग गायकवाड या मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथे आणले, त्यात त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. या प्रसंगाचे चित्र आपल्या मनात हौतात्म्याचे आहे. मला त्यात डोलीही दिसते, म्हणजे नसलेली डोली. सहासष्ट वर्षांच्या बाईला आजारी मुलगा पाठीवर घ्यावा लागतो, कारण त्या वस्तीतून रोगी उचलून आणायला दुसरे कोणी नव्हते. सोल्जरांच्या टोळ्यांनी घरोघर झडत्या सुरू केल्या त्या १३ मार्चला, म्हणजे तिसऱ्या दिवशी. रोगी वाहून नेण्यासाठी सरकारजवळ माणूसबळ होते; ते बंदुका घेऊन आले.

यशवंतरावही १९०५ साली प्लेगच्याच रोग्यांची सेवा करताना गेले. आठ वर्षांनंतरही साथ संपलेली नव्हती, हे या तारखेवरून ध्यानात यावे. प्लेग हिवाळ्यात डोके वर काढी, फाल्गुन-चैत्रात कळसाला जाई, पावसाळ्यापूर्वी ओसरे आणि पुढच्या वर्षी परत येई. त्यामुळे इस्पितळांतले जादा मांडव, जादा माणसे, जादा पाळ्या हे सगळे हंगामी होऊन बसले. मुकादम साथीपुरती माणसे भरी आणि साथ उतरली की काढून टाकी. अनुभव साठायला वाव नव्हता. दरवर्षी नवी आया, दरवर्षी पुन्हा पहिल्यापासून. कायमच्या शिक्षित परिचारिका हव्यात, ही जाणीव या दमछाकीतूनही वाढली असावी असा माझा तर्क आहे. १९०९ साली पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनाने रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने पुढच्या एक-दोन वर्षांत ससून रुग्णालयात मुलींना परिचर्येचे शिक्षण द्यायला धाडले. त्यांत ब्राह्मण विधवाही होत्या. घरच्यांचा विरोध सोसून परक्या पुरुषाची जखम धुणारी ही पहिली पिढी. तिच्यावर स्वतंत्र लेखच हवा.

*

१९१८ ची साथ या सगळ्याहून निराळी. गावाकडे तिला मानमोडी म्हणत. १० जूनला मुंबईत पोलीस इस्पितळात तापाचे सात शिपाई दाखल झाले. त्यांतला एक गोदीवर पहाऱ्याला होता. ही पहिली लाट तुलनेने सौम्य होती. दुसरी सप्टेंबरात आली. ६ ऑक्टोबरला एका दिवसात मुंबईत ७६८ माणसे मेली.

प्लेगमध्ये लोक इस्पितळाला घाबरत होते. आता इस्पितळ पुरेना. प्लेग वर्षानुवर्षे रेंगाळला. ही लाट काही आठवड्यांत येऊन गेली, त्यामुळे माणसे भरायला, शिकवायला वेळच मिळाला नाही. महायुद्ध चालू होते आणि सरकारी डॉक्टरांपैकी पुष्कळ जण आघाड्यांवर होते. शिवाय हा ताप तरुण, कामाच्या वयाच्या माणसांना जास्त धरत होता, म्हणजे नेमके वॉर्डात उभे राहणाऱ्यांनाच. प्लेगच्या वॉर्डातली आया अज्ञानामुळे घाबरत होती पण वाचत होती. १९१८ ची आया रोग्याच्या खोकल्यासमोर बसत होती आणि चार दिवसांनी शेजारच्या खाटेवर आडवी होत होती. जे उरले त्यांनी तिचे काम वाटून घ्यायचे. उपचार याही वेळी शुश्रूषेचेच: अंथरूण, दूध, पेज, पाणी, उब. ते देण्यासाठी नारायण मल्हार जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्था आणि निरनिराळ्या समाजांचे स्वयंसेवक वस्त्यांतून फिरले, म्हणून बरेच निभावले.

त्या वर्षी मुंबईत इन्फ्लुएन्झाने मेलेल्यांचे समाजवार प्रमाण नोंदलेले आहे. युरोपीय लोकांत दर हजारी ८.३, पारशांत ९, मुसलमानांत १९.२, इतर हिंदूंत १८.९. आणि 'खालच्या जातींचे हिंदू' असा जो वेगळा रकाना केला आहे, त्यात ६१.६. शहराचे रस्ते झाडणारे, मैला उचलणारे आणि इस्पितळांची न्हाणीघरे धुणारे बहुतेक कामगार या शेवटच्या रकान्यात येतात. हे गेले तर शहर राहणार नाही, असे कमिशनरांनी लिहून ठेवल्याला तेव्हा एकवीस वर्षे झाली होती.